आवयची पानं

सगुण परबची कादंबरी कुणाला हवी असेल तर त्याने डिचोलीच्या बाजारात माझ्या दुकानात यावं. वह्या, पेन्सिली आणि गोंदाच्या बाटल्यांच्या मागे, अगदी वरच्या फळीवर तिचे गठ्ठे पडून आहेत. फुकट देतो, वर दोरीही बांधून देतो. इतक्या वर्षांत वाळवीनेसुद्धा त्यांना तोंड लावलेलं नाही, आणि डिचोलीची वाळवी काय खात नाही ते मला कुणी सांगावं! पुस्तक दिसायला झकास आहे. कव्हरवर सोनेरी अक्षरं, आत मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं लांबलचक मनोगत आणि त्यांचा फेटा बांधलेला फोटो. लेखकाचा फोटो नाही. जागा उरली नाही म्हणे.

सगुण म्हणजे माझ्या बहिणीचा, कमलचा, नवरा. पेडण्यातल्या हळर्णचा माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, वाचनाचा नाद असलेला, आणि नोकरी नार्व्याच्या फेरीबोटीवर खलाशाची. बोट धक्क्याला लागली की पुढची फळी खाली सोडायची, माणसं आणि स्कुटरी उतरवायच्या, नव्या चढवून घ्यायच्या, फळी वर ओढायची. पलीकडे दिवाडीला पोचलं की पुन्हा तेच. जन्मभर नदी ओलांडूनही भावजी कुठे पोचले नाहीत, असं मी त्याला चिडवायचो आणि तो हसायचा. तेव्हा तो हसायचा.

दोन काठांच्या मध्ये खलाशाला काही काम नसतं. तेवढ्या वेळात सगुण लिहायचा. इंजिनाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचा, गुडघ्यावर पुठ्ठा घ्यायचा आणि सुरू. कागद माझ्या दुकानातले. निवडणुकीची चुकून छापलेली पत्रकं माझ्याकडे ढीगभर पडून होती. एका बाजूला कुठल्यातरी उमेदवाराचं हात जोडलेलं तोंड, दुसऱ्या बाजूला सगुणची कादंबरी. त्याच्या हाताला एक सवय लागली होती. पलीकडचा धक्का जवळ आला की वाक्य संपलंच पाहिजे. पुढे पुण्याच्या संपादकाने त्याच्या आटोपशीर वाक्यांचं कौतुक केलं तेव्हा मी म्हटलं, हे श्रेय नदीचं आहे, ती आणखी रुंद असती तर तुम्हीही इतरांसारखंच पाल्हाळ लावलं असतं.

लिहायला बसायचं कारण साधं होतं आणि वाईट होतं. सगुणचा धाकटा भाऊ विठ्ठल डिचोलीजवळच्या एका खाणीवर ट्रकाचा क्लीनर होता. एकोणऐंशी साली, ऐन हंगामात, त्याला रात्रपाळीवरून उतरवून तसाच दिवसपाळीला चढवला. दुपारी उभ्या ट्रकाच्या सावलीत तो जरा आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला. ड्रायव्हरला तो दिसला नाही. त्याने ट्रक मागे घेतला. कंपनीने कागद करून घेतला तो असा, की मयत दारू पिऊन चाकाखाली पडला होता. दोन पाळ्यांची गोष्ट त्या कागदात कुठेच नव्हती.

सगुणची आई, देवकीमावशी, हळर्णहून बस बदलत बदलत खाणीच्या ऑफिसात आली. सगुण होता, मीही बरोबर होतो. मॅनेजर काही राक्षस नव्हता. त्याने तिच्यासाठी खुर्ची मागवली. ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिने त्याला सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं म्हणून दाखवतो.

"साहेबा, माजो विठ्ठल सोरो पियेनासलो. तेका वाससुद्धा सोसनासलो. तो निजलो, कित्याक तुमी तेका रातची पाळी करून परत दिसाची पाळी दिली. निजलो म्हणून बरय. पियेलो म्हणून बरव नाका. मेल्या पोराक फटीचो डाग लावंक नाका. तूं आवयचें दूद पियेला मरे? तेणेंय तितलेंच पियेला."

सोरो म्हणजे दारू, फट म्हणजे खोटं, आवय म्हणजे आई आणि बरय म्हणजे लिही, एवढं सांगितलं की बाकीचं कुणालाही कळावं. मॅनेजरलाही कळलं. तो मेजावरच्या काचेकडे बघत राहिला, मग घंटी वाजवून त्याने प्यूनला बोलावलं, आणि आम्ही बाहेर आलो. कागद बदलला नाही.

गावात मात्र कंपनीचंच खरं ठरलं. माणसं कागदावर फार लवकर विश्वास ठेवतात, विशेषतः दुसऱ्याच्या पोराबद्दल असेल तर. हळर्णच्या विहिरीवर पाण्यावरून जुंपली की कुणीतरी हटकून देवकीमावशीला ऐकवायची, "वच गे, बेबद्याची आवय!" बेबदो म्हणजे दारुडा. पोर्तुगीज गेले, शब्द ठेवून गेले. मावशी कळशी उचलायची आणि घरी यायची. पण तिच्या काळजाला ते किती लागायचं ते कमलला माहीत होतं, कारण घरी आल्यावर ती भरलेली कळशी तशीच कमरेवर घेऊन उभी राहायची, खाली ठेवायचं तिच्या लक्षातच यायचं नाही.

तिला कोर्ट ठाऊक नव्हतं, वर्तमानपत्र ठाऊक नव्हतं. तिला एकच जागा ठाऊक होती, गावच्या सातेरीदेवीचा मंडप. श्रावणात तिथे पोथी लागते. एकजण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, सगळा गाव मांडी घालून ऐकतो. तिथे वाचलेलं खोटं म्हणायची कुणाची छाती होत नाही. विठ्ठलाच्या वर्षश्राद्धाची पानं उठल्यावर ती सगुणला म्हणाली, "तूं शिकलेलो. आमच्या विठ्ठलाची पोथी बरय आनी मंडपात वाच. तो बेबदो न्हय, हें सगळ्यांक आयकूं दी."

पोथी कशी लिहितात ते सगुणला ठाऊक नव्हतं. कादंबऱ्या मात्र त्याने मिळतील तेवढ्या वाचल्या होत्या. म्हणून कादंबरी. मराठीत लिहिली, कारण शाळेत तो मराठी शिकला, देवळात मराठी ऐकली, पुस्तकं वाचली ती मराठी. आणि त्यातली आई मात्र देवकीमावशी बोलते तशी बोलत होती, कारण ती तशी बोलते. याच्यात काही भानगड आहे असं त्याला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. आमच्या घराघरांत हे असंच चालतं, बोलायची भाषा चुलीपाशी आणि लिहायची देवघरापाशी.

पहिला खर्डा भयंकर होता. मी वाचला म्हणून सांगतो. हळर्णच्या किल्ल्यापासून सुरुवात, मग आजोबा, मग जमिनीचा मालक भाटकार, मग गोवा मुक्त झाला त्याचं सविस्तर वर्णन. मी म्हटलं, "भावजी, विठ्ठल जल्माक येयसर वाचपी म्हातारो जातलो." तो चिडला. दोन आठवडे दुकानात फिरकला नाही. मग आला तो किल्ला, आजोबा आणि मुक्ती तिन्ही कापून आला.

आईच्या तोंडची आठ पानं त्याने आईला वाचून दाखवली तेव्हा मी आणि कमल हळर्णलाच होतो. रविवारची सकाळ, मावशी ओसरीवर कुळीथ निवडत होती. सगुणने वाचायला घेतलं. ऑफिसात शिरताच आई हंबरडा फोडते, असं त्याने लिहिलं होतं.

"हांव थंय रडूंक ना," मावशी हात न थांबवता म्हणाली. "रडलें तें घरा येतना, बसीत."

सगुणने ओळ खोडली.

"आनी कदेल? तेणें माका कदेल दिली, हांव बसूंक ना. तें खंय बरयलां?"

त्याने खुर्चीचं लिहिलंच नव्हतं. लिहिलं. पुढे तिचं बोलणं आलं, सोरो, दोन पाळ्या, दूध, सगळं जसंच्या तसं. मावशीचे हात थांबले. सूप मांडीवर राहिलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "हें. हेंच मंडपात वाच." सगुणच्या तोंडावर त्या दिवशी जो आनंद मी पाहिला, तो त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता, आणि लग्न माझ्या बहिणीशी झालं होतं.

चौऱ्याऐंशीत त्याने बाड पुण्याच्या एका प्रकाशकाकडे पाठवलं. तिथला संपादक सज्जन होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याची उत्तरं यायची ती लांबलचक, बारीक अक्षरांत, समासातसुद्धा. तुमचा राग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाच पट्टीत ओरडतो, ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. जिथे लिहिताना तुमचे डोळे भरून आले तिथल्या तीन ओळी काढा, मग वाचणाऱ्याचे भरतील. मॅनेजरला एक चांगला गुण द्या. सगुण ही पत्रं खिशात घेऊन बोटीवर जायचा आणि फेरीमागून फेरी कापत बसायचा. कादंबरी सुधारत होती. मी खोट काढायला टपलेला माणूस, पण मलाही ते नाकारता येईना.

मग संपादकाने लिहिलं, खऱ्या नावांनी तुमचे हात बांधले आहेत, नावं बदला म्हणजे माणसं मोकळी होतील. विठ्ठलाचा अनंत झाला. हळर्णचं कुळण झालं, असं गाव कुठेच नाही. देवकीची नुसती आई झाली. त्या दिवशी सगुण माझ्या काउंटरवर डोकं टेकून बसला होता. "भावाचें नांव खोडटना हात कसो जड जाता तें तुका कळचें ना," म्हणाला. पण संपादकाचं म्हणणं त्याला पटलं होतं. मलाही पटलं. लिहिणाऱ्याने ऐकलं पाहिजे, तो धंद्याचा भाग आहे.

शेवटी पाळी आली त्या आठ पानांची. आमच्याकडच्या वाचकाला हे कळणार नाही, संपादकाने लिहिलं. एक तर दर ओळीखाली अर्थ द्यावे लागतील, नाहीतर आईला साध्या मराठीत बोलू द्या. आशय तोच राहील. सगुणने उलट टपाली नाही म्हणून कळवलं. मला म्हणाला, "नांव गेलें, गांव गेलो. आतां आवयचें उलवप तितलेंच उरलां. तेंय काडलें जाल्यार तीत आमचें कितें उरता?" संपादक बिचारा भांडला असावा, पण पुस्तकावर पैसे घालणारा प्रकाशक होता. बाड परत आलं. सोबत संपादकाची दिलगिरी, तीही समासापर्यंत.

तोवर गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून पेटलं. सभा, मोर्चे, रस्ते अडवणं. पंचवीस वर्षं एका बाकावर बसून पाव-भाजी खाणारी माणसं एकमेकांकडे पाठ करून खायला लागली. माझ्या दुकानातले रंगाचे डबे आणि ब्रश संपले, भिंतींवर घोषणा रंगवायला. दोन्ही बाजूंना मीच विकले. घोषणा वेगवेगळ्या, रंग एकच.

सगुणचा शाळासोबती रामचंद्र म्हापशाला कॉलेजात शिकवायचा आणि कोंकणीच्या चळवळीत बुडालेला होता. कादंबरीचं कानावर आलं म्हणून तो माझ्या दुकानात आला. ती आठ पानं त्याने उभ्यानेच वाचली आणि त्याचे डोळे भरले. खरेच भरले, मी पाहिले.

"हीं आठ पानां म्हाका दी," तो म्हणाला. "हांव छापतां. असलें कोणें बरोवंक ना. पूण उरिल्लें मराठींत कित्याक? परक्या भाशेंत?"

"परकी कशी?" सगुण म्हणाला. "हांव बरोवंक बसतां तेन्ना तीच येता. आवय उलयता तशी उलयता. हांव बरयतां तसो बरयतां. दोगांयक रावूं दी मरे."

"सगळी परत कोंकणींत बरय. नाजाल्यार हीं पानां तितलीं दी."

"आवय एकटी भायर काडून दिवं? तिचीं पोरां थंयच सोडून?"

रामचंद्राला राग आला. गुलाम म्हणाला. इतकी वर्षं डोक्यावर दुसऱ्याची पोथी घेऊन नाचलास, आता उतरव म्हणाला. सगुणनेही काहीबाही ऐकवलं. दोघे एका इयत्तेत शिकले, एका पाटीवर लिहिलं. त्यानंतर रामचंद्र समोरून आला तर सगुण रस्ता ओलांडायचा.

मग आला पांडुरंग. हा आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, बाजारातला मोठा व्यापारी, आणि त्याचे स्वतःचे ट्रक त्याच खाणीवर धावत होते. त्याला घाईघाईने एक पुस्तक हवं होतं, गोव्याच्या मातीतली मराठी कादंबरी म्हणून सगळ्यांच्या तोंडावर फेकायला. मंडळ छापणार, मंडळ प्रकाशित करणार. सगुण घाबरत होता. मीही. खाणीचं, ट्रकांचं, दोन पाळ्यांचं वाचून हा माणूस बाड फेकून देईल असं आम्हाला वाटलं होतं.

पांडुरंगाने सगळं वाचलं. त्याबद्दल त्याची काहीएक तक्रार नव्हती. "तें बरयलां तें बरें केलां," तो म्हणाला. "खाणीचें कितें, तें आतां पोरणें जालें." जुनी गोष्ट म्हणे! हे ऐकून मला जी चीड आली ती अजून गेलेली नाही. इतकी वर्षं हे बाड इतक्या हातांतून फिरलं, आणि मेलेल्या पोराबद्दल कुणाची काही हरकत नव्हती. कंपनीच्या खोट्या कागदाबद्दल कुणाचा जीव वर-खाली झाला नाही. सगळ्यांची हरकत एकाच गोष्टीला होती, त्याची आई बोलते कशी.

"हें वाचून ते लोक कितें सांगतले?" पांडुरंगाने आठ पानं बोटाने ढकलली. "पळयात, मराठी कादंबरींतली आवयसुद्धा कोंकणी उलयता. आमीच पयशे घालून आमच्याच तोंडार मारून घेवपाचें?"

हे तो कुठल्या भाषेत म्हणाला ते तुम्ही ऐकलंच. त्याला स्वतःला ऐकू आलं नाही.

सगुण उठून गेला. आठवडा गेला, महिना गेला. पण त्या वर्षी थंडीत देवकीमावशीला धाप लागायला लागली. विहिरीपर्यंत जाणं बंद झालं. सगुण रजेवर घरी गेला की ती एकच विचारायची, "पोथी जाली?" तो म्हणायचा, "जाता." कमलने त्याला सांगितलं, म्हातारी फार दिवसांची नाही, काय करायचं ते करा पण छापा. ती चुकीचं बोलली असं मी म्हणणार नाही. आईला जे हवं होतं ते छापल्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि छापणारा दुसरा कुणी नव्हता.

एका दुपारी तो दुकानात आला. "गजाल तीच रावता मरे?" त्याने मला विचारलं. गजाल म्हणजे गोष्ट. "तो पियेनासलो, तेका दोन पाळ्यो दिल्यो, इतलें गांवान आयकलें म्हणजे जालें. शब्द बदलून कितें जाता?"

मी म्हटलं, "भावजी, तीच गजाल रावपी आशिल्ली जाल्यार पांडुरंगान बदलूंक कित्याक सांगली आसती?"

त्याने ऐकलं नाही. माझ्यासमोर काउंटरवर बसला आणि कामाला लागला. मी कोरे कागद पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत. त्याच पानांवर खोडत गेला, खोडलेल्याच्या डोक्यावर नवं लिहीत गेला. मध्येच विचारायचा, सोरोला काय लिहू, दारू की मद्य? दारू बरी वाटत नाही म्हणे पांडुरंगाला. साहेबाचं महाशय झालं. मरे शब्दावर पेन बराच वेळ अडलं, कारण त्याच्या जागी घालायला मराठीत काही नव्हतं. दुधाची ओळ पांडुरंगाने आधीच लाल पेन्सिलीने उडवली होती. भर ऑफिसात परक्या पुरुषासमोर बाई असलं बोलते होय? आणि आई रडत नाही हे वाचकाला पटणार नाही, तिला रडवा, असा समासात शेरा होता. सगुणने तिला रडवलं. खुर्ची राहिली, पण आता आई तिच्यावर कोसळत होती. संध्याकाळी त्याने मला शेवटचा मजकूर वाचून दाखवला.

"महाशय, माझा अनंत सद्वर्तनी होता. मद्याचा त्यास तिटकारा होता. अतिश्रमाने तो निद्राधीन झाला, हे सत्य आपण मान्य करावे. एका मातेच्या संस्कारांवर असा कलंक लावू नये."

"कशें जालां?" त्याने विचारलं.

"शुद्ध जालां," मी म्हटलं आणि दुकानाची फळी ओढायला घेतली. पानं छापखान्यात गेली ती गेलीच. जुळणी झाल्यावर मूळ कागद कोण सांभाळून ठेवतो?

पुस्तक सत्त्याऐंशीच्या पावसात निघालं. भाषेचा कायदा कोंकणीच्या बाजूने होऊन गेला होता, गोव्याचं राज्यही झालं होतं. ज्यांच्या तोंडावर फेकायचं ते आपापल्या सत्कारांत गुंतले होते, त्यामुळे पुस्तक फेकायला कुणाचं तोंड मोकळं नव्हतं. प्रकाशन समारंभात पांडुरंग बराच वेळ बोलला, ज्ञानभाषेवर, परंपरेवर, अस्मितेवर. खाणीवर मेलेल्या पोराचा उल्लेख त्याच्या भाषणात आला नाही. मंडळाच्या लोकांनी प्रती वाटून घेतल्या, उरलेल्या माझ्या फळीवर आल्या. हे मी आधीच सांगितलं.

सगुणला त्याचं काही नव्हतं. त्याचं लक्ष श्रावणावर होतं. हळर्णला तो देवळाच्या लोकांना भेटला, पायांवर डोकं ठेवायचं बाकी ठेवलं, आणि एका सोमवारी पोथीऐवजी हे पुस्तक वाचायची परवानगी मिळवली. देवकीमावशीला रिक्षात घालून मंडपापर्यंत आणली. तिने नवं लुगडं नेसलं होतं. पाटावर पुस्तक ठेवलं होतं. तिने त्याला हळदकुंकू लावलं, अबोलीच्या फुलांचा वळेसर वाहिला आणि अगदी पुढे, खांबाला टेकून, हात जोडून बसली. गाव भरगच्च जमला होता. विहिरीवरच्या बायकाही होत्या. मी मावशीच्या मागेच बसलो होतो.

सगुणने चांगलं वाचलं. कुळण गावातला अनंत, त्याचं बालपण, खाण, ट्रक, सावलीतली झोप. लोक एकाग्र होऊन ऐकत होते. आणि मग ऑफिसात आलेली ती आई खुर्चीवर कोसळली, रडली आणि महाशयांशी बोलली. मंडपात नाकं ओढल्याचे आवाज आले. विहिरीवर सगळ्यांत जास्त तोंड सोडणारी ती बाईसुद्धा पदराने डोळे पुसत होती. मला क्षणभर वाटलं, झालं, म्हातारीचं काम झालं. मी त्या बाईकडे बघत राहिलो, आता ती मान वळवून देवकीमावशीकडे बघेल म्हणून. तिने वळवली नाही. ती कुळणच्या अनंतासाठी रडत होती. पोथीत वनवासाला निघालेल्या राजपुत्रासाठी रडतात तशी, मनसोक्त, आणि कुणाचं काही देणं न लागता.

वाचून संपलं. आरती झाली, प्रसाद वाटला, लोक पांगले. कुणी सगुणला शाबासकी दिली, कुणी आवाज छान म्हणालं. देवकीमावशी दोन्ही हात टेकत उठली, पाटापाशी गेली आणि पुस्तकावर डोकं टेकवून तिने नमस्कार केला. सगुण तिच्या तोंडाकडे बघत होता. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली, ते आता त्या तोंडावर दिसायला हवं होतं.

"बरी पोथी," ती म्हणाली. "बिचारी ती बाय. तिचोय पोर खाणीर मेलो." तिला धाप लागली म्हणून ती थोडी थांबली, सगुणच्या दंडाला धरलं आणि आवाज खाली करून विचारलं, "आनी तूं घरा वाचिल्लें तें? आमच्या विठ्ठलाचें? तें केन्ना वाचतलो?"

सगुणने पुस्तक उचललं, फडक्यात गुंडाळलं. गाठ मारायला त्याला बराच वेळ लागला.

"फुडल्या श्रावणात, आवय," तो म्हणाला.

देवकीमावशी माघात गेली.